सव्वा किलोची लेन्स

नव्वदच्या दशकाच्या शेवटी चंद्रपुरात माझा छोटासा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, पासपोर्ट फोटो, कधी एखाद्या दैनिकासाठी बातमीचे फोटो. जंगलाचं वेड मात्र माझं स्वतःचं. आपापल्या बीटवर गस्त घालणाऱ्या वनरक्षकांसोबत मी पायी हिंडायचो, त्यामुळे कॅमेऱ्याची तिपाई कधी नेलीच नाही. जे काढायचं ते हातात धरून.

गावात कॅमेरे दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांनी एकदा दोन जुन्या झूम लेन्स माझ्यासमोर ठेवल्या.

"ही लंबी हाय, हलकी हाय, पण अंधारी," ते म्हणाले. "झाडाखाली सकाळी काही येनार नाई. ही दुसरी उजेडाची. पण धरून पाहा. कोपर पोटाले लाव, सास सोड, अन् सडकेपलीकडची पाटी वाच."

दुसरी सव्वा किलोची, सगळी धातूची. तिसऱ्या मिनिटाला पाटीवरची अक्षरं नाचायला लागली. तरी मी तीच घेतली. महिनाभर घरी पाण्याची भरलेली कळशी डाव्या हातावर पेलायची सवय केली. खांद्यावर कॅमेऱ्याच्या पट्ट्याचा काळा वळ पडला, तो पुढे कित्येक वर्षं गेला नाही.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी ओळखीच्या वनरक्षकाचा फोन आला. त्याच्या बीटमधल्या गावात बिबट गोठ्यात कोंडला होता, पिंजरा निघाला होता. जनावर जिवंत नेल्याचा फोटो त्याला हवा होता.

मी मोटारसायकलवर पोचलो तेव्हा सारं गाव कुऱ्हाडी-काठ्या घेऊन उभं होतं. पहाटे शेण काढायला गेलेल्या एका बाईला बिबट्यानं फाडलं होतं. तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं. तिचा नवरा गोठ्याच्या दारात होता. अंगातल्या बनियनवर तिचं रक्त वाळलेलं.

वनरक्षक हात पसरून त्याच्यापुढे उभा होता. "पिंजरा येऊन राह्यला, भाऊ. तासभर थांबा."

"माह्या बायकोचं डोस्कं सोललं त्यानं," नवरा म्हणाला. "तुह्या पिंजऱ्याले काय करू?"

तीसेक पावलांवर मोहाचं झाड होतं. त्याला टेकून मी लेन्स पूर्ण झूम करून दोनशेवर नेली. कुडाच्या फटीतून बिबट्याचा एक डोळा, मागे दाबलेला कान, अंगावर बसलेली माशी, सगळं स्पष्ट दिसत होतं. हात जराही हलत नव्हता. मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

कौलारू छपरावर चढलेल्या कोणीतरी एक कवेलू काढून आत फेकलं. कुड फुटला. लेन्समध्ये नुसतं पिवळं काहीतरी फरकन गेलं. मी झूम मागे ओढला तर वनरक्षक खाली पडलेला, त्याची मांडी बिबट्याच्या तोंडात. नवऱ्याची कुऱ्हाड जनावराच्या कमरेवर बसली. मग सगळेच तुटून पडले.

बिबट लवकर मेला नाही. मागचे पाय गेले तरी पुढच्या पायांवर सरपटत होता. एकानं दगड उचलून जबड्यावर घातला, तो मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. मेल्यावरही काठ्या थांबल्या नाहीत. कोणी नखं तोडायला बसलं. मी फोटो काढत गेलो. एकेक चेहरा स्वच्छ येत होता.

"हा फोटो काढून राह्यला! सारे जेलात जाऊ!" कोणीतरी ओरडलं.

गर्दी माझ्याकडे वळली. एक काठी पाठीत बसली, दुसरी कोपरावर. नवऱ्यानं पट्टा धरून मला ओढलं. मी कॅमेरा सोडवला, दोन्ही हातांनी धरला आणि लेन्स त्याच्या तोंडावर हाणली. तो बसलाच. ओंजळीत रक्त आणि दोन दात. त्याच्या हातात तेव्हा काहीच नव्हतं, कुऱ्हाड बिबट्यापाशीच राहिली होती. हे दिसत असूनही मी लेन्स पुन्हा उचलली.

"भाऊ, ठेव खाली!" वनरक्षक जमिनीवरून ओरडला. मी थांबलो. त्या आवाजानं बाकीचेही थांबले.

पिंजऱ्याची गाडी आली ती आम्हा तिघांनाच घेऊन परतली. मागे रिकामा पिंजरा, त्याला टेकून आम्ही. नवऱ्यानं तोंडावर दुपट्टा दाबला होता. वनरक्षकाच्या मांडीवर माझा शर्ट बांधला होता.

"रोल हाय ना?" वनरक्षकानं विचारलं. "मले वरून विचारतीन."

मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि रोल उन्हात ओढून काढला, सगळे फोटो गेले. "झटापटीत उघडला म्हनून सांगतो," वनरक्षक बाहेर बघत म्हणाला. गावकऱ्यांवर दया आली म्हणून मी तसं केलं नव्हतं. त्या रोलवर गावातल्या प्रत्येकाचा घाव होता, फक्त माझा नव्हता.

वनरक्षक बरा झाला, पण लंगडत चालू लागला. माझं कोपर प्लास्टरमध्ये गेलं. आठ दिवसांनी मी दवाखान्यात त्या बाईला भेटायला गेलो. डोक्याला पट्ट्या, एक हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या हातानं ती नवऱ्याला पेज भरवत होती, कारण त्याचं तोंड अजून उघडत नव्हतं.

"यायले गर्दीत लागलं म्हनते," ती मला म्हणाली.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मी मारलं, बाई," मी म्हणालो.

तिनं चमचा वाटीत ठेवला. "मंग इथी काऊन आला?"

"तुम्हाला पाहायला."

"पाहून झालं ना?" ती म्हणाली आणि चमचा पुन्हा उचलला.

मी बाहेर आलो.