चौतीस इंच

पावर हाउस बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात मी विमानातून नेता येईल अशी लहान गिटार निवडत होतो. माप घेऊन झाल्यावर दुकानदाराने स्टीलचा टेप खटकन सोडला आणि मला स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या, सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरची ती दुपार आठवली. पहिल्या नोकरीसाठी मी दुसऱ्या दिवशी विमानाने निघणार होतो आणि माझी गिटार लांब आहे, आत नेऊ देणार नाहीत, म्हणून सकाळपासून घरच्यांवर खेकसत होतो. बाहेरून परतलो तर अंगणात लाकडाचा भुसा पडलेला, आणि प्लांटमध्ये फिटर असलेले माझे वडील लोखंड कापायची करवत घेऊन बसलेले. गिटारीचा, तारा ताणायच्या खुंट्या असलेला शेंडा त्यांनी साफ उडवला होता. "चौतीस इंच केली," ते खुशीत म्हणाले, "आता कोनी अडवत नाई." मी तो शेंडा उचलून त्यांच्या कपाळावर हाणला, दोनदा. लोंबत्या तारेने भुवई फाटली, रक्त बनियनवर ठिबकलं. "कावून मारून राहिला बापाले?" म्हणत आईने माझा हात धरला, नाहीतर मी तिसऱ्यांदा हाणलं असतं. वडिलांनी हात उचलला नाही. रक्ताळल्या बोटांनी त्यांनी पुन्हा टेप लावला आणि हळूच म्हणाले, "चौतीसच त हाय." दुकानदार माझ्यासमोर गिटार धरून म्हणत होता, "ये केबिन में चली जाएगी, भैया. चौंतीस इंच है." मी टेप मागून घेतला आणि स्वतः मोजली. चौतीसच होती.