नदीत सोडलेले देव

माझ्यावर उपकार आहेत ते युक्रेनच्या एका डॉक्टरीणबाईंचे. ओमानमधल्या इब्रीच्या इस्पितळात त्या बायकांच्या डॉक्टर होत्या. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं लिहिताना माझं डोकं फिरतं आणि चांगल्या माणसाचं सांगायचं राहून जातं.

मी आठवीतून शाळा सोडून शिवणकामाला बसलो. इब्रीच्या बाजारातल्या टेलरिंगच्या दुकानात शेजारच्या मशीनवर आमच्याच तालुक्यातला एकजण होता. व्हिसा त्यानेच मिळवून दिला, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो.

एकदा डॉक्टरीणबाई त्यांच्या आजीचा सदरा घेऊन आल्या. मुलीच्या लग्नासाठी तसाच नवा हवा होता. गळा, बाह्या, घेर, कापड जिथे जिथे उघडं राहतं तिथे लाल दोऱ्याचं भरतकाम. वाईट तिथूनच आत शिरतं म्हणे. बाहीवर दोन्ही हात वर केलेली एक बाई होती.

"ही कोण?" मी विचारलं. आम्ही दुकानी अरबीत बोलायचो, दोघांचीही सारखीच मोडकी.

"जुनी देवी."

मग त्यांनी सांगितलं. हजार वर्षांपूर्वी त्यांच्या राजाने ख्रिस्ती धर्म घेतला. गडगडाटाच्या देवाची लाकडी मूर्ती होती, डोकं चांदीचं, मिशा सोन्याच्या. ती घोड्याच्या शेपटीला बांधून टेकडीवरून ओढत आणली, काठ्यांनी झोडपली आणि नदीत ढकलली. लोक रडत बघत राहिले. दुसऱ्या दिवशी हुकूम, सगळ्यांनी नदीत उतरा, नाही उतरला तो राजाचा वैरी.

"देव वाहून गेला," बाई म्हणाल्या, "पण बायका शिवत राहिल्या. बाहीवर काय आहे ते कोण राजा बघतो?"

माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, आमच्या घरचे देवही नदीत गेले, वाशिष्ठीत. पण आम्हाला कुठल्या राजाने सांगितलं नव्हतं. धम्म घेतला तेव्हा आजोबांनी स्वतःच्या हातांनी ते फडक्यात बांधून सोडले. त्या देवांच्या देवळात आम्हाला कधी पाऊल ठेवू दिलं नव्हतं. माझे वडील दर जयंतीला हे छाती काढून सांगतात.

"आणि आजी?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं, आजीने देवाचा एक टाक मागे ठेवला होता, अंगठ्याएवढा, तांदळाच्या कणगीत. मला गोवर आला तेव्हा तिने तो काढून कपाळाला लावला होता. वडिलांना ठाऊक नव्हतं. आजीबरोबरच ती गोष्ट गेली असं मी धरून चाललो होतो.

बाई हसल्या नाहीत. शेजारचं मशीन मात्र थांबलं होतं. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं.

महिन्यातल्या एका शुक्रवारी मस्कतला, अझैब्यात एका इंजिनिअरसाहेबांच्या फ्लॅटवर बुद्धवंदना असायची. सगळे शिकलेले लोक. मी दाराजवळ बसायचो. चहाच्या वेळी दादा म्हणाला, "अहो, याच्या आजोबांनी देव बुडवले आणि आजीने एक लपवून ठेवला!"

"मग आता तुझ्या पेटीत आहे का रे तो?" कुणीतरी विचारलं.

हशा झाला. मीही हसलो. ते मला अजून सलतं.

आठवड्याभरात ही गंमत फोनवरून गावी पोचली. वडील माझा फोन घेईनात. आई म्हणायची, "ते बाहेर गेलेत," आणि मागून त्यांचा खोकला ऐकू यायचा.

दादाला जाब विचारला तर म्हणाला, "अरे, तू परक्या बाईला सांगितलंस, मी आपल्या माणसांत सांगितलं. मग वाईट कोण?"

मी परत मशीनवर जाऊन बसलो.

हात चुकायला लागले. बाहीवरची बाई मी उलटी शिवली, हात खाली. डॉक्टरीणबाईंनी ते बघितलं, कापड बाजूला ठेवलं आणि विचारलं. मी सगळं सांगितलं. घरी जायचं तर पासपोर्ट अर्बाबकडे, म्हणजे दुकानाच्या मालकाकडे, आणि ईदच्या कामात सुट्टी मागायची माझी छाती नव्हती.

त्या सरळ अर्बाबकडे गेल्या. "याला आठ दिवस पाठव. नाही आला तर मला धर."

"आणि तुझा सदरा?"

"मुलगी दुसरं काही घालेल."

"खलास," अर्बाब म्हणाला आणि त्याने पासपोर्टांचा खण उघडला.

घरी दोन दिवस मी आत आलो की वडील बाहेर जायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माझ्या आईने लपवलं ते समजू शकतो. पोरं आजारी पडायची, भ्यायली असेल. पण तू? माझ्या बापाने केलेलं तू दुकानाच्या काउंटरवर मांडलंस. लोक हसले तेव्हा काय केलंस?"

"मीपण हसलो," मी म्हणालो.

मग त्यांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या. शिव्या का होईना, बोलणं सुरू झालं. निघताना म्हणाले, "पोचलास की फोन कर."

आठव्या दिवशी मी मशीनवर हजर होतो. शेजारी दादा. पुढे दोन वर्षं मी त्याला दादाच म्हणत राहिलो, पण घरचं एक अक्षर त्याच्यासमोर काढलं नाही.

डॉक्टरीणबाईंचं कंत्राट त्याच वर्षी संपलं. त्यांच्या देशाच्या बातम्या लागल्या की मला धडकी भरते. माझ्यासारख्या आठवीवाल्यासाठी त्या स्वतः जामीन राहिल्या. बाई, कधी कुणाच्या दारात उभं राहायची वेळ आली आणि तुम्हाला कुणी विचारलं की तुमचं इथे कोण आहे, तर माझं नाव सांगा. मी येईन आणि तुमच्यासाठी शब्द टाकीन.