उसनी गोलकीपर

मी क्षमाशील बाई नाही. माझ्या सासूबाईंनी हे लग्नानंतर पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं आणि त्या माझ्याशी शेवटपर्यंत जपून वागल्या. दादांना मात्र ते कळायला बँकॉकपर्यंत यावं लागलं.

दादा म्हणजे आमच्या संघाचे मॅनेजर. हडपसरला त्यांच्या घरची जमीन होती. तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या आणि उरलेल्या तुकड्यावर दादांनी गुळगुळीत फरशीचा स्केटिंग रिंक बांधला. त्यांना सगळेच दादा म्हणत, त्यांची आईसुद्धा. त्यांनी स्वतः जन्मात कधी पायाला चाक लावलं नव्हतं. पण रिंक त्यांचा, दिवे त्यांचे, पाण्याचा माठ त्यांचा, म्हणून संघही त्यांचाच.

मी तिथे गेले ती मुलीच्या मागे. कर्वेनगरहून तिला स्केटिंगला न्यायचं आणि कठड्यावर बसून राहायचं. पुढे मुलीला कंटाळा आला, मला आला नाही. चाळिशीत मी स्केट बांधले. काही वर्षांनी तिथे हॉकी सुरू झाली तेव्हा मला गोलमध्ये उभं केलं, कारण मी सावकाश होते आणि रुंद होते. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे मी वाद घातला नाही.

पुण्यात बर्फ असतो तो गोळ्याच्या गाडीवर. त्यामुळे आम्ही सराव चाकांवर करायचो आणि सामने खेळायला बर्फ असेल त्या देशात जायचो. नोकरदार, गृहिणी, शिक्षिका अशा हौशी बायकांच्या आइस हॉकीच्या स्पर्धा जगभर भरतात, हे मलाही तेव्हाच कळलं. आमचे हे म्हणाले, "पडायचंच आहे तर इतक्या लांब कशाला? आपल्या बाथरूमची फरशी काय वाईट आहे?"

पहिला दौरा कझाकस्तानचा होता. मी सगळ्या संघासाठी पातळ पोह्यांचा चिवडा नेला होता. पहिल्या सामन्याच्या आधी मी पायांना गाद्यांएवढी पॅड बांधली, छातीला चिलखत चढवलं, तोंडावर जाळी ओढली. गोलकीपरला तयार व्हायला नवरीइतका वेळ लागतो. मी बर्फावर पाय ठेवणार, तेवढ्यात दादांनी हात आडवा केला.

"ताई, तुम्ही बसा," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "तुमच्या वयाला हा बर्फ सोसायचा नाही. पोरी खेळतील. तुम्ही आपलं खाण्यापिण्याचं बघा."

गोलमध्ये गेली दादांची भाची. कॉलेजातली गुणी मुलगी, तिच्याशी माझं काही वैर नव्हतं. पण राखीव गोलकीपरला पूर्ण पोशाखात बसावं लागतं. त्यामुळे सबंध स्पर्धा मी बाकावर चिलखत घालून बसले, शालू नेसून आलेल्या आणि कोणी विचारत नसलेल्या वरमाईसारखी. शेजारी दादा. त्यांच्या मांडीवर माझा चिवड्याचा डबा. समोर भाचीवर गोलांमागून गोल होत होते आणि दादा मुठीमुठीने चिवडा खात होते. मधेच ते माझ्याकडे वळले.

"ताई, चिवडा झकास झालाय हां. शेंगदाणे तेवढे कमी पडले."

त्या क्षणी मी ठरवलं. समोर दादांचा संघ असावा, गोलमध्ये मी असावं आणि त्यांचा एकही गोल होऊ नये. स्वतःच्याच संघाविरुद्ध खेळायला कसं मिळणार, ते मला माहीत नव्हतं. पण इच्छा पक्की असली की तपशील मागाहून जमतो, असा माझा अनुभव आहे.

तपशील जमायला सुरुवात झाली ती टोरांटोत. लग्न होऊन तिकडे गेलेल्या मुलीच्या बाळंतपणाला गेले होते. एका बॅगेत डिंकाचे लाडू, मेथ्या, बाळंतशेपा आणि दुसऱ्या बॅगेत पॅड. जावयांनी विमानतळावर दुसरी बॅग उचलली आणि विचारलं, "आई, यात काय आहे?" मी म्हटलं, "औषधं."

तिथे मला या खेळातला एक अद्भुत रिवाज समजला. आइस हॉकी खेळायची हौस सगळ्यांना असते, पण गोलमध्ये उभं राहून अंगावर मारा घ्यायला फारसं कोणी तयार नसतं. त्यामुळे गोलकीपरचा जगभर दुष्काळ असतो. गोलकीपर नसेल तर सामनाच होत नाही, म्हणून संघ सरळ कोणाचीही गोलकीपर उसनी घेतात. शेजारच्या गल्लीतली, समोरच्या संघातली, बाळंतपणाला आलेली, काहीही चालतं. आपल्याकडे विरजण मागायला येतात तितक्या सहज येतात. मी आहे असं कळल्यावर रविवारी सकाळी मुलीच्या दारासमोर गाड्या थांबायला लागल्या.

"आई, तू बाळाला बघायला आली आहेस ना?" मुलगी विचारायची.

"बाळ झोपलंय," मी म्हणायचे आणि बॅग ओढत बाहेर पडायचे.

तिथल्या एका संघाची कप्तान साठीची, बस चालवणारी बाई होती. चाकांवर गोलकीपरला आडवं घसरता येत नाही, एका जागी खिळून राहावं लागतं. बर्फावर गुडघ्यांवर बसून या खांबापासून त्या खांबापर्यंत सर्रकन जाता येतं. हे तिने मला शिकवलं. माझे गुडघे आधी काळे, मग निळे, मग पिवळे झाले. दुसरी गोष्ट तिने शिकवली ती धीराची. "तिला करू दे काय करायचं ते," ती म्हणायची. "तू थांब. आधी हलेल ती हरेल."

मग मला जगाची चटकच लागली. यांच्याबरोबर फिनलंडला गेले आणि हे संग्रहालयं बघत असताना तिथल्या बायकांच्या गोलमध्ये उभी राहिले. पुण्याच्या एका टूर कंपनीबरोबर मलेशियाला गेले, तेव्हा सगळी बस उंच मनोऱ्यावर फोटो काढत होती आणि मी एका मॉलच्या रिंकवर होते. संध्याकाळी मी पुरणपोळीच्या जेवणाला लंगडत आले, तर टूर मॅनेजर म्हणाला, "काकू, इतक्या पायऱ्या चढायच्या नसतात." प्रत्येक ठिकाणी गोलमध्ये वाकून उभी राहिले की समोरच्या प्रत्येक बाईच्या जागी मला दादा दिसायचे. त्याने खेळ फार सुधारतो.

पुण्यात परतल्यावर मी अवाक्षर काढलं नाही. हडपसरच्या फरशीवर, चाकांवर, मी पूर्वीइतकीच सावकाश आणि रुंद होते. उजव्या बाजूला मारलेल्या फटक्यापर्यंत मला पूर्वीसारखंच पोचता येत नसे. दादा कठड्यावरून म्हणायचे, "ताई, असू द्या, असू द्या." मी मान खाली घालायचे.

मग बँकॉकची स्पर्धा आली. मॉलच्या वरच्या मजल्यावर रिंक, खालच्या मजल्यावर खाण्याची दुकानं, सगळीकडे लेमनग्रासचा वास. दादांनी मला राखीव म्हणून नेलं होतं. भाची आता खरंच छान खेळत होती आणि आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर बँकॉकमध्ये राहणाऱ्या देशोदेशींच्या बायकांचा संघ होता. अंतिम सामन्याच्या सकाळी त्यांच्या गोलकीपरचा पाय सरकत्या जिन्यावर मुरगळला. त्यांची कप्तान आमच्या बाकापाशी आली आणि रिवाजाप्रमाणे तिने दादांना विचारलं, तुमची राखीव गोलकीपर आम्हाला द्याल का?

माझ्या छातीत इतकं धडधडलं की चिलखत हललं असावं.

दादांनी मन मोठं केलं. "न्या की," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळून आवाज खाली आणत पुढे बोलले, "ताई, आज हौस भागवून घ्या. आपल्या पोरी काय जोरात मारणार नाहीत. कप आपलाच हाय." त्यांनी भरवसा इतका धरला होता की हडपसरच्या रिंकवर मोठा पडदा लावून आळीतल्या लोकांना बसवलं होतं आणि मोबाइलवरून सामना थेट तिकडे दाखवायची सोय केली होती. पेढेही आणून ठेवले होते म्हणे.

आमच्या संघातली सगळ्यात तरबेज खेळाडू म्हणजे माझी मैत्रीण, धायरीच्या शेतकरी घरातली, शाळेत पी.टी. शिकवणारी. कित्येक वर्षं रोज तिचेच फटके मी खाल्ले होते. मी समोरच्या संघाची जर्सी चढवताना ती जवळ आली.

"खरंच अडवणार हायस का गं?"

"मग काय शोभेला उभी राहू?"

"मी पण मग खरंच मारणार," ती म्हणाली आणि गेली. म्हणूनच ती माझी मैत्रीण आहे.

सामना सुरू झाला. पहिलाच फटका उजवीकडे आला, कारण दादा बाकावरून ओरडत होते, "उजवीकडं मारा, ताईंना तिकडं पोचता येत नाही." मी गुडघ्यांवर बसले आणि सर्रकन पोचले. रबराची चकती पॅडवर आपटून परत गेली. दादा बाकावरून उठून उभे राहिले. मग दुसरा फटका, तिसरा, वरून, खालून. मी सगळे अडवले. माझ्या उसन्या संघाला खेळ फारसा येत नव्हता, पण सामन्याच्या तीन भागांपैकी मधल्या भागात त्यांची एक चकती कशीबशी भाचीच्या पायाखालून आत गेली. एक शून्य.

तो भाग संपल्यावरच्या सुट्टीत दादा स्वतः कठड्यापाशी आले. मोबाइल खिशात, घाम कपाळावर.

"ताई, आपण एका गावचे. तिकडं हडपसरला माणसं बसलीत, पाहुणे आलेत. एखादा जाऊ द्या. बरोबरी झाली तरी बास."

मी जाळीच्या आतून हसले. ते सुख त्यांना दिसलं नसेल, म्हणून मी जाळी वर केली आणि परत हसले.

"दादा, मला काय कळतंय यातलं," मी म्हटलं. "मी आपली हौस भागवतेय."

शेवटच्या भागात सामना संपत आला असताना माझी मैत्रीण एकटी सुटली. तिच्या आणि माझ्या मधे कोणी नव्हतं. उजवीकडे मारायच्या आधी तिचा डावा खांदा उचलला जातो, हे मला माहीत होतं. मला माहीत आहे, हे तिलाही माहीत होतं. खांदा उचलला गेला. मी हलले नाही. तिने चकती डावीकडे ओढली. तरी मी हलले नाही. शेवटी तिने वाट पाहून पाहून मारलं, तेव्हा मी नुसता हात उघडला. चकती त्यात येऊन बसली, जशी काही माझ्याकडेच राहायला आली होती.

भोंगा वाजला. मैत्रिणीने स्टिक माझ्या पॅडवर जोरात आपटली, एकदाच, आणि गेली.

सामना संपला की दोन्ही संघांनी रांगा करून एकमेकींशी हात मिळवायचे, मॅनेजरनेही मिळवायचे, असा या खेळाचा नियमच आहे. दादा बाकामागून सटकत होते. पंचांनी त्यांना बोलावलं. ते बर्फावर आले ते चकचकीत बुटांवर. भाची मोबाइल धरून सगळं हडपसरला दाखवत होती. दादांनी बायकांशी हात मिळवत मिळवत रांग संपवली, माझ्यापाशी पोचले आणि हात पुढे करताच त्यांचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले. मी त्यांना काखेत धरलं. त्यांनी माझ्या चिलखताला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"ताई, सोडू नका हां," ते पुटपुटले.

"छे हो, सोडते की काय," मी म्हटलं आणि त्यांना घेऊन अगदी सावकाश निघाले. ते पाय न उचलता घसरत येत होते. भाची समोरून मोबाइल धरून उलटी चालली होती. मैत्रीण मागून आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "अगं, गेट हिकडं हाय, डावीकडं."

"माहितेय," मी म्हटलं आणि दादांना उजवीकडून, सबंध रिंकला वळसा घालून नेलं.