ओलं बोट

आज भाजीबाजारात एका म्हाताऱ्याने जिभेला बोट लावून प्लास्टिकची पिशवी उघडली. साधीच गोष्ट, पण मला तिथून हलवेना.

करोनात मीही तसंच करायचो. भाजी आणायला मीच जायचो. बायको उंबऱ्याबाहेर पडत नव्हती. दारात साबणाच्या पाण्याची बादली घेऊन बसायची. दुधाची पिशवीसुद्धा धुऊन घ्यायची. मी म्हणायचो, "आता मलाही पिळून वाळत घाल."

"घातलं असतं, पण दोरी तुटेल," ती म्हणायची. "अहो, ते बोट तेवढं तोंडात घालू नका. पिशवी उघडत नसेल तर कोथिंबिरीच्या जुडीला लावा, ती ओलीच असते."

बायकोने मला बाजार शिकवावा, हे मला झोंबलं. बाजारात गेलो की मास्क हनुवटीवर ओढायचो आणि मुद्दाम जिभेलाच बोट लावायचो. आधी मला ताप आला, मग तिला. मी उठलो, ती उठली नाही. लोक म्हणतात, कुणाकडून आलं ते कसं कळणार? मला कळतं. घरातून बाहेर जाणारा मी एकटाच होतो. माणूस मोठ्या चुकीला भितो. माझी तर बोटाच्या पेराएवढी होती.

त्या म्हाताऱ्याला सांगावंसं वाटलं, पण त्याने ऐकलं नसतं. मी तरी कुठे ऐकलं होतं?

मग मी माझी पिशवी घेतली आणि कोथिंबिरीच्या जुडीला बोट टेकवलं. पिशवी लगेच उघडली. एवढंच करायचं होतं.