ओडील आणि हत्तीपायाच्या गोळ्या

शिकागोजवळच्या शॉमबर्गला येऊन वर्ष उलटलं तरी आपण इथं नेमकं काय करतो आहोत, हे अहिल्याला कळत नव्हतं. ती भंडाऱ्याची. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलेलं, नागपूरच्या एका लॅबमध्ये चांगली नोकरी होती. आता नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे काम करायला मनाई. संग्राम ऑफिसला गेला की ती कपड्यांची बास्केट उचलून खालच्या लाँड्रीत जायची. तिथंच तिला ओडील भेटली.

ओडील वरच्या मजल्यावर राहायची. कॅमेरूनमधल्या नदीकाठच्या एका गावची. इथं वृद्धाश्रमात कामाला होती. हसायची मोठ्यानं, आणि हसता हसता खाजवत राहायची. पोटऱ्या, कंबर, पाठ. एकदा तर मशीनच्या कोपऱ्याला पाठ घासताना दिसली.

"अगं, खरूज असेल तिला," शेजारच्या शीलाकाकूंनी बजावलं. "तिच्या मशीनमध्ये कपडे टाकू नकोस बाई."

अहिल्यानं मशीन बदललं, मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा तिथंच टाकायला लागली.

जवळच्या क्लिनिकमध्ये ओडीलला एक्झिमा म्हणून मलम मिळालं होतं. त्यानं काही फरक पडला नाही. मग एक दिवस तिनं गावाकडचं सांगितलं. नदीवरच्या बारीक माशा चावतात, अंगात जंत होतात, त्यांची पिल्लं कातडीत फिरतात आणि पुढं डोळ्यांत शिरतात. तिचे वडील त्यातच आंधळे झाले.

"म्हणजे तुलाही तेच असेल!" अहिल्या म्हणाली.

"शक्यच नाही. मी शाळेत होते तेव्हापासून दरवर्षी गावात लोक यायचे. काठीनं उंची मोजायचे आणि त्या मापानं गोळ्या द्यायचे. सगळं गाव घ्यायचं."

अहिल्याला भंडारा आठवला. हत्तीपायाच्या गोळ्या घेऊन नर्सबाई दारात यायच्या. आई त्यांच्यासमोर गोळ्या तोंडात टाकायची आणि त्यांची पाठ वळली की कढीपत्त्याच्या झाडापाशी थुंकायची. चक्कर येते म्हणून.

"पण तू खरंच गिळायचीस का?" तिनं सहज विचारलं.

ओडीलचं हसू गेलं. "माझ्या बापाला हाताला धरून शेतावर नेत होते मी. मी थुंकेन गोळ्या?" ती ओले कपडे तसेच बास्केटमध्ये कोंबून निघून गेली.

अहिल्या भारतातून निघाली तेव्हा आईनं औषधांची पिशवी बरोबर दिली होती, त्यात हत्तीपायाच्या गोळ्यांची पट्टी होती. तोही जंत, हाही जंत, अगदी भाऊबंद. तिनं दुसऱ्या दिवशी पट्टी नेऊन ओडीलपुढं धरली.

"काल मला खोटारडी म्हणालीस, आज गोळ्या देतेस?" ओडीलनं दार लावून घेतलं.

पट्टी पर्समध्ये तशीच राहिली.

महिनाभरानं ओडील स्वतःच खाली आली. एक डोळा लालभडक, पाणी गळत होतं. "तू ड्राइव्ह करतेस ना? मला शिकागोला नेशील? तिथं आमच्याकडचे आजार ओळखणारे डॉक्टर आहेत म्हणे."

शिकागोच्या हॉस्पिटलमधले डॉक्टर आफ्रिकेत काम करून आलेले होते. त्यांनी ओडीलच्या कमरेवरच्या कातडीचा कण काढून मिठाच्या पाण्यात ठेवला. काही वेळानं दोघींना मायक्रोस्कोपमध्ये बघू दिलं. पारदर्शक, दोऱ्यासारखी पिल्लं वळवळत होती. ओडील मागं सरकली.

"पण मी दरवर्षी घेतल्या होत्या," ती पुटपुटली.

"घेतल्याच असणार," डॉक्टर म्हणाले. "त्या गोळ्यांनी पिल्लं मरतात. मोठे जंत गाठीत लपून वर्षानुवर्षं जगतात आणि पुन्हा वितात. इथं आल्यापासून तुमच्या गोळ्या बंद झाल्या."

"माझी बहीण गावातच आहे. ती अजून घेते. तीही खाजवते."

डॉक्टरांनी खांदे उडवले. "काही गावांत पिल्लं लवकर परत येताना दिसतात. औषध कमी पडतंय की काही लोक गोळ्या चुकवतात, त्यावर आमच्यातच वाद आहेत. मला माहीत नाही."

तेव्हा अहिल्यानं पर्समधून पट्टी काढली. "मग ह्या चालतील का?"

डॉक्टरांनी नाव वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "ही हिला दिलीत?"

"नाही. तिनं घेतली नाही."

"नशीब. हिच्या डोळ्यांत पिल्लं आहेत. ह्या गोळीनं ती एकदम मरतात, डोळा सुजून येतो. नजर गेली असती."

परतताना हायवेवर अहिल्यानं गाडी कडेच्या लेनमध्ये घेतली.

"मी तुझ्यावर संशय घेतला नसता," ती म्हणाली, "तर तू त्या गोळ्या घेतल्या असत्यास."

"घेतल्या असत्या. मैत्रीण देतेय म्हणून."

"मग मी माफी मागू की नको?"

ओडीलनं लाल डोळा पुसला. "मलाही कळत नाहीये. तू मागून ठेव."

अहिल्यानं मागितली. ओडील हसली नाही, पण रागावलेलीही दिसली नाही.

गावाकडच्याच गोळ्या डॉक्टरांनी दिल्या. दोन दिवस ओडीलचं अंग सुजलं, खाज भडकली, मग उतरली. डोळा निवळला, नजर वाचली. पुढच्या वर्षी कंबर पुन्हा खाजू लागली, तेव्हा अहिल्यानंच गाडी काढली. वाटेत ओडीलनं विचारलं, "आणखी किती वर्षं?" डॉक्टर म्हणाले होते, मोठे जंत मरेपर्यंत. ते कधी, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.