थांब, खडा हाय

गारखेड्यातल्या आमच्या घरात बायको ज्वारी पाखडत होती आणि मी प्रकाशकावर चिडून नुकताच फोन ठेवला होता. "रझाकारांच्या प्रकरणात कथा अडते, जरा पळवा," म्हणे! माझ्या ऐतिहासिक कादंबऱ्या पळतात म्हणून तर खपतात. हे एकच प्रकरण दाराशी येऊन अडतं, ते मला दिसत नाही का?

तेवढ्यात भुशाचा वास नाकात शिरला आणि मी लहानपणीच्या आमच्या पिशोर गावच्या अंगणात पोचलो. माय सूप घेऊन बसलेली, तिच्या लहानपणची हकिगत सांगत होती. रझाकार गावात शिरले तेव्हा ती घरात एकटी होती. थोरला भाऊ शेतात. तिनं आतून कडी लावली.

"मंग कुणीतरी दार वाजवलं. लई जोरानं. माझा हात कडीवर..."

"मग?"

"थांब, खडा हाय."

दर वेळी इथंच! माझा जीव टांगणीला आणि हिला खडे सुचतात. "माय, कडी काढली का नाय? कोण होतं?" मी पाय आपटले. ती खाली मान घालून ज्वारीत बोटं फिरवत राहिली. आपल्या गोष्टीत कुणाला असं ताटकळत ठेवायचं नाही, हे मी त्या रागातच ठरवलं.

मामा मी कधी पाहिला नाही. तो त्याच दिवशी मारला गेला, एवढंच घरात सांगत. आता मायही नाही.

आज ते सूप डोळ्यांपुढं लख्ख दिसतंय. ज्वारी तिनं केव्हाच निवडून ठेवली होती. सुपात एकही खडा नव्हता.