एकवीस दिवसांची वैद्यकीय रजा

मला मोठ्या आतड्याचा आजार आहे. आतून जखमा होतात, रक्त पडतं, आणि काही दिवस शौचालयापासून लांब जाताच येत नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "हा कायमचा जाणारा आजार नाही. मधूनमधून उसळेल, औषधानं दबेल." ते ऐकून मी घरी आले आणि तीन वर्षं नवऱ्याशिवाय कुणालाही काही कळू दिलं नाही.

मी मोखाड्याला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे, राहायला जव्हारला. सकाळी एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर जीप. जीप मध्येच थांबवायची तर दहा माणसांसमोर कारण सांगावं लागतं. म्हणून आजार उसळला की मी आदल्या दुपारपासून जेवणच बंद करायची. उन्हाळ्यात कार्यालयातल्या शौचालयाला पाणी नसायचं, तेव्हा घरून पाण्याच्या बाटल्या न्यायची. अगदीच उठवलं नाही तर कधी पाहुणे, कधी मुलीची शाळा असं काहीतरी सांगून किरकोळ रजा टाकायची. खोटं बोलून बोलून कंटाळा आला होता, पण खरं सांगायचा कंटाळा त्याहून जास्त होता.

एका एप्रिलमध्ये पाणीटंचाईच्या कामाला सूर्यमाळच्या पाड्यांवर जायचं होतं. टँकर किती फेऱ्या करतो ते बघून सह्या घ्यायच्या. पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी पाड्यावर पोचल्यावर मला गाडीतून उतरताच येईना. सोबतच्या बाईंनी हाताला धरलं आणि त्याच गाडीनं मला घरी पाठवलं. नवरा नाशिकला घेऊन गेला. डॉक्टरांनी एकवीस दिवसांची विश्रांती लिहून दिली. सर्टिफिकेटवर आजाराचं पूर्ण नाव होतं आणि खाली रक्तस्रावाबद्दल एक ओळ.

तो कागद मी घडी घालून जीपनं जाणाऱ्या एका सहकाऱ्याच्या हाती दिला. पाकिटात घालावा असं सुचलंच नाही. आमच्याकडे कुणाचाच कागद पाकिटात येत नसे.

आमच्या अधीक्षकांनी त्याचा फोटो काढून कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "मॅडम एकवीस दिवस रजेवर. त्यांचं टेबल पुढीलप्रमाणे वाटून दिलं आहे." त्यांच्या मनात वाईट काही नसावं. काम अंगावर पडलेल्यांनी कुरकुर करू नये, म्हणून त्यांनी पुरावाच जोडला.

त्या दुपारपासून फोन सुरू झाले. एकीनं विचारलं, "ताई, याचा पुढे कॅन्सर होतो का हो?" एकानं काढा सांगितला, तो दिवसातून किती वेळा घ्यायचा तेही सांगितलं. मी सगळ्यांना "हो, हो" म्हणत राहिले.

चौथ्या दिवशी आई आली. आई मोखाड्याच्या पलीकडे पाड्यावर राहते, भात आणि नाचणी करते. आठवड्याच्या बाजाराला आली होती, तिथून तशीच जीप धरून जव्हारला.

"बाजारात एकीनं सांगितलं," ती दारातूनच म्हणाली. "तुझी पोर आतून सडत चालली म्हणं."

"तसं नाही गं आई."

"मग काय हाय?"

मी सांगितलं, जेवढं तिला सांगता येईल तेवढं. ऐकून ती म्हणाली, "तीन वर्सं झाली. आन मला बाजारात कळायचं?"

तिनं पिशवीतून नाचणीचं पीठ काढून ओट्यावर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुसऱ्या आठवड्यात औषध लागू पडलं. रविवारी नणंद मुलांना घेऊन आली, त्यांना जव्हारजवळचं शिरपामाळ बघायचं होतं. नवरा म्हणाला, "चल, गाडीतून जाऊन येऊ. अर्धा तास हवा लागेल." मी सावलीत बसून होते. मुलं फोटो काढत होती, मी हसले असेन. आमच्याच कार्यालयातला कुणीतरी तिथे होता. संध्याकाळी माझा फोटो ग्रुपवर आला. खाली ओळ होती, "रजा छान चालली आहे."

बुधवारी नोटीस घरी आली. आजारी रजेवर असताना आपण पर्यटनस्थळी आढळून आल्याचे निदर्शनास आले आहे, तरी आपली रजा नामंजूर का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. त्या सकाळी मला परत रक्त पडलं होतं.

खुलासा लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात मी माफीच मागितली होती. तो फाडला. दुसरा लिहिताना आमच्याकडे पूर्वी असलेला एक शिपाई आठवला. तेव्हा आवक टेबल, म्हणजे येणारे कागद नोंदवायचं काम, माझ्याकडे होतं. त्याला क्षयरोग झाल्याचं सर्टिफिकेट माझ्या हातून नोंदलं गेलं, आणि चहाच्या वेळी मीच ते बोलून गेले. बोलण्यात काळजीच होती, असं मला तेव्हा वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याचा ग्लास वेगळा झाला. आता तो दुसऱ्या तालुक्यात आहे. मी त्याला फोन लावला आणि सांगितलं, की ती बातमी माझ्या तोंडून गेली होती.

"माहीत आहे मॅडम," तो म्हणाला. "सहा महिन्यांत बरा झालो मी. ग्लास मात्र बदली होईपर्यंत वेगळाच होता."

मी माफी मागितली. तो "असू द्या" म्हणाला आणि माझ्या मुलीची चौकशी केली. फोन ठेवल्यावर मला जास्तच लाज वाटली.

तिसऱ्या मसुद्यात माफी नव्हती. तो घेऊन मी स्वतःच कार्यालयप्रमुख मॅडमकडे गेले. अधीक्षक तिथेच उभे होते.

"फोटो तुमचाच ना?" मॅडमनी विचारलं.

"हो. त्या दिवशी बरं वाटत होतं, नंतर पुन्हा बिघडलं. हा आजार असाच आहे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, घरात कोंडून घ्यायला सांगितलेलं नाही."

"मी दुसऱ्या डॉक्टरांचं मत मागवलं तर?"

"मागवा. म्हणाल तिथे तपासायला जाईन. पण माझा कागद ग्रुपवर का गेला, तेही विचारा."

अधीक्षक म्हणाले, "कामाच्या सोयीसाठी टाकला, मॅडम. लपवण्यासारखं काय आहे त्यात? आपण सगळे एका घरातलेच."

"सर, माझ्या आईला माझा आजार बाजारात कळला," मी म्हणाले.

मॅडमनी माझा खुलासा शांतपणे वाचला. त्यात शेवटी मागणी होती, की वैद्यकीय कागद बंद पाकिटातून थेट रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावा आणि आवक टेबलावर फक्त पाकिटाची नोंद व्हावी.

"तोंडी सांगते सगळ्यांना. लेखी कशाला?"

"तोंडी चार दिवस लक्षात राहतं, मॅडम."

त्यांनी सुस्कारा सोडला, पण सही केली. रजा पूर्ण मंजूर झाली. दोन्ही फोटो ग्रुपवरून पुसायला लावले. तोवर ते कुणाकुणाच्या फोनमध्ये उतरले होते ते कोण सांगणार! पाकिटाचं परिपत्रक दीड ओळीचं निघालं. मी रुजू झाले त्या दिवशी अधीक्षक माझ्याशी बोलले नाहीत. पुढे बरेच महिने कामापुरतंच बोलत. टंचाईचे दौरे माझ्याकडून काढले गेले, त्यात उपकार किती आणि राग किती ते मी कधी विचारलं नाही.

दिवाळीनंतर मॅडमची बदली झाली. थंडीत आजार पुन्हा उसळला. मी नव्या साहेबांपुढे अर्ज आणि पाकीट ठेवलं. खोलीत चारजण बसले होते.

"काय होतंय तुम्हाला?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

"पाकिटात लिहिलंय, सर."

"अहो, सांगा ना, आपलेच लोक आहेत."

"पाकिटात आहे, सर," मी पुन्हा म्हणाले. मग परिपत्रकाची प्रत काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि ते वाचून होईपर्यंत उभी राहिले. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. पोटात कळ येत होती.